गुलाबाचें अत्तर : इतिहास आणि घरगुती उपयोग

आपल्याकडील कोणतेंही मंगल कार्य अत्तरगुलाब झाल्यावांचून पुरें झालें असें कोणी मानीत नाहीं. लग्नाचा मांडव असो, मुंज असो किंवा संक्रांतीचें हळदीकुंकू असो. दारांत गुलाबदाणी आणि अत्तरदाणी घेऊन कोणी तरी उभें असतेंच. पेशवाईंतील दरबार अत्तरगुलाब व पानविडे देऊन संपत असे, आणि ते हातांत पडले म्हणजे निरोप मिळाला असें पाहुणा समजे. इतक्या जुन्या ओळखीच्या या वस्तूविषयीं आपणांस खरी माहिती किती आहे, असें कोणी विचारलें तर मात्र आपण अडखळतों. म्हणून आज मी तीन प्रश्न घेणार आहें. ही वस्तु आपल्याकडे कोठून आली? ती कशी तयार होते, आणि तींत लबाडी कशी शिरली? आणि ती घरांत वापरतांना काय सांभाळावें? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्या दोहोंच्या पोटांत आहे, म्हणून आरंभ इतिहासापासून करतों.

प्रथम शब्दच पाहूं. फारसींत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. म्हणजे ‘गुलाब’ हें मुळांत फुलाचें नांव नव्हेच. तें सुगंधी पाण्याचें नांव. आपण तें फुलाला दिलें आणि मग पाण्यासाठीं ‘गुलाबपाणी’ असा नवा शब्द केला, त्यांत पाणी दोनदां आलें! अरबींत ‘ग’ हें अक्षर नाहीं. त्या लोकांनीं ‘गुलाब’चा ‘जुलाब’ केला. त्याचा अर्थ प्रथम गोड सरबत असा होता. त्या सरबतांतून वैद्य रेचक औषध देऊं लागले, आणि शेवटीं तो शब्द आपल्याकडे ज्या अर्थानें आला तो सांगण्याची आवश्यकता नाहीं. ‘अत्तर’ हा शब्दही अरबी. ‘इत्र’ म्हणजे सुगंध, आणि तो विकणारा तो ‘अत्तार’. शब्दांची ही वंशावळ ध्यानांत घेतली म्हणजे वस्तु कोणत्या वाटेनें आली याचा माग आपोआप लागतो.

याचा अर्थ असा नव्हे कीं, त्यापूर्वीं आपल्या देशांत सुगंधाची विद्या नव्हती. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत गंधयुक्ति नांवाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. सोळा द्रव्यांतून चार चार द्रव्यें निवडिलीं तर किती प्रकारचे गंध होतील, याचा हिशेब त्यांत दिला असून तो १,८२० असा येतो. शाळेंत बीजगणित शिकलेल्या कोणासही तो पडताळून पाहतां येईल. तो अचूक आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा तिसरा सोमेश्वर यानें इ.स. ११३१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला; त्यांत राजाच्या स्नानाचीं सुगंधी तेलें आणि उटणीं यांचें सविस्तर वर्णन आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत गंगाधर नांवाच्या ग्रंथकाराचा ‘गंधसार’ व त्याच्या जोडीचा ‘गंधवाद’ हे दोन ग्रंथ विद्वानांच्या नजरेस आणिले. त्यांतील ‘गंधवादा’वर जुन्या मराठींत टीका आहे, ही आपणांस विशेष अभिमानाची गोष्ट. म्हणजे सुगंधशास्त्र मराठींतून समजावून सांगावें असें कित्येक शतकांपूर्वीं कोणास तरी वाटलें होतें.

परंतु या जुन्या विद्येचा मुख्य भर मुरविणें, शिजविणें, धुपविणें आणि वासविणें यांवर होता. तिळांचा एक थर आणि ताज्या फुलांचा एक थर असे रचून ठेवावयाचे, फुलें सुकलीं कीं नवीं घालावयाचीं, आणि तीळ सुवासानें भरले म्हणजे त्यांचें तेल गाळावयाचें, हें फुलेल. तें उत्तमच, पण त्यांत फुलाचा गंध तिळाच्या तेलाच्या आधारानें राहतो. फुलांतून गंधच तेवढा वाफेच्या वाटेनें वेगळा काढणें ही निराळी कला आहे. ऊर्ध्वपातनाचीं यंत्रें आपल्या रसशास्त्रास ठाऊक होतीं. तथापि गुलाबाच्या बाबतींत ती कला भरास आली ती इराण आणि इराक या देशांत. नवव्या शतकांत बगदादेस अल्‌-किंदी नांवाचा मोठा पंडित होऊन गेला. त्याच्या नांवावर असलेल्या सुगंधावरील ग्रंथांत शंभरांहून अधिक कृति असून ऊर्ध्वपातनाचें वर्णनही आहे. पुष्कळ पुस्तकांतून गुलाबपाण्याच्या शोधाचें श्रेय इब्न सिनास दिलेलें असतें. पण त्याचा जन्म इ.स. ९८० चा, म्हणजे अल्‌-किंदीच्या पश्चात् शंभर वर्षांचा. तेव्हां तें श्रेय त्यास देतां येत नाहीं. इराणांतील फार्स प्रांतांत जूर नांवाचें शहर होतें, ज्यास पुढें फिरोजाबाद म्हणूं लागले. तेथील गुलाबपाणी दहाव्या शतकांत हिंदुस्थान आणि चीन येथपर्यंत जात असे.

आतां गुलाबपाणी आणि गुलाबाचें तेल यांतील भेद सांगितला पाहिजे. फुलें पाण्यांत घालून उकळलीं, निघालेली वाफ नळींतून नेऊन थंड केली, म्हणजे जें पाणी जमतें तें गुलाबपाणी. त्या पाण्यावर तेलाचा अतिशय पातळ तवंग येतो. तोच खरा गुलाबाचा अर्क, म्हणजे उडून जाणारें सुगंधी तेल. हा तवंग आपल्याकडे प्रथम कोणी टिपला याची हकीकत बादशहा जहांगीर यानें आपल्या आत्मवृत्तांत, राज्याच्या नवव्या वर्षाच्या, म्हणजे इ.स. १६१४ च्या वृत्तांतांत, लिहून ठेविली आहे. नूरजहानची आई अस्मत बेगम ही गुलाबपाणी करवीत असतां ऊन पाणी ताटांत ओतलें कीं वर साय येते असें तिच्या ध्यानांत आलें. ती थोडी थोडी जमवून तिनें तें तेल केलें. त्याचा एक थेंब तळहातावर चोळला तर सारी मजलस दरवळून जाई. बादशहानें तिला मोत्यांचा कंठा बक्षीस दिला, आणि अकबराची विधवा सलीमा सुलतान बेगम हिनें त्या तेलास ‘इत्र-ए-जहांगीरी’ असें नांव ठेविलें.

लोकांत मात्र निराळीच गोष्ट रूढ आहे. नूरजहाननें बागेंतील पाट गुलाबपाण्यानें भरविला, उन्हानें वर तवंग आला, आणि तो तिला बादशहाबरोबर फिरतांना दिसला, असें ती सांगते. ती अधिक रम्य आहे यांत शंका नाहीं. पण ती मागाहूनची आहे. प्रत्यक्ष बादशहानें सासूचें नांव घेतलें असतां तें श्रेय राणीस देण्याचें आपणांस कारण नाहीं. शिवाय बादशहाच्या लेखांतूनच काळही ठरवितां येतो. जहांगीर गादीवर आला १६०५ सालीं. तेव्हां ‘जहांगीरी’ हें नांव त्यापूर्वीचें नव्हे. आणि नांव ठेवणारी सलीमा बेगम १६१३ च्या आरंभाच्या सुमारास वारली. म्हणजे हा शोध या सातआठ वर्षांच्या आंतला ठरतो. सोळाव्या शतकांतील युरोपियन लेखनांतही गुलाबाच्या तेलाचे उल्लेख सांपडतात. म्हणून जगांतील पहिला शोध अस्मत बेगमेचा असें म्हणतां येणार नाहीं. परंतु घरांतील काम करतां करतां नजर उघडी ठेवून एका प्रौढ गृहिणीनें ही वस्तु दरबारांत आणली, एवढें निश्चित. आणि तेंही थोडें नव्हे.

पुढें गंगातीरावरील गाझीपूर हें गुलाबाचें मोठें ठाणें झालें. १८२४ सालीं कलकत्त्याचे बिशप हेबर तेथें गेले होते. त्यांनीं लिहिलें आहे कीं, रुपयाभार अत्तरास दोन लक्ष उत्तम फुलें लागतात, आणि तेवढ्या अत्तरास, तें निर्भेळ असल्याची हमी असेल तर, शंभर रुपये पडतात. बाजारांत तें वीस रुपये स्वस्त मिळे, पण त्यांत बहुधा चंदनाचें तेल मिसळलेलें असे. गुलाबपाणी रात्रभर उघड्या भांड्यांत, वर ओलें मलमल घालून, ठेवावयाचें आणि पहांटे वरची साय काढावयाची, अशी तेथील रीत होती. आज जगांत गुलाबाच्या तेलासाठीं प्रसिद्ध असलेला प्रदेश म्हणजे बल्गेरियांतील काझानलिकचें खोरें. तेथें एक किलो तेलास तीन ते चार हजार किलो फुलें लागतात. हिशेब केला तर एका थेंबामागें सुमारें दीडशें ग्रॅम, म्हणजे परडीभर, फुलें येतात. हा आंकडा श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा. पुढें तो उपयोगीं पडणार आहे.

आपल्या देशांत ही कला आज मुख्यत्वें कनोज येथें टिकून आहे. तांब्याच्या मोठ्या देगांत फुलें आणि पाणी घालतात, झांकण मातीनें लिंपून बंद करतात, आणि बांबूच्या नळीनें देग दुसऱ्या एका लांब मानेच्या भांड्यास जोडतात. या भांड्यास भपका म्हणतात. तें पाण्याच्या हौदांत बुडवून ठेवलेलें असतें. भपक्यांत आधींच चंदनाचें तेल घातलेलें असतें. वाफ त्यांत येऊन थंडावते, गुलाबाचा गंध चंदनाच्या तेलांत शिरतो, आणि खालचें पाणी काढून पुन्हां देगांत घालतात. अनेक दिवस अशीं ताजीं फुलें घालीत राहिलें म्हणजे चंदनाचें तेल गुलाबानें तृप्त होतें. तेव्हां आपण ज्यास परंपरेनें ‘गुलाबाचें अत्तर’ म्हणतों तें बहुधा चंदनाच्या अंगावर बसलेला गुलाब असतें. ही लबाडी नव्हे, ही रीत आहे. लबाडी तेव्हां होते, जेव्हां चंदन महाग झालें म्हणून त्याच्या जागीं खनिज तेल येतें आणि कुपीवरील नांव मात्र तेंच राहतें.

या लबाडीच्या इतिहासांत आपल्या खानदेशाचाही अजाणतां हात आहे. सातपुड्याच्या पायथ्याशीं रोशा नांवाचें सुगंधी गवत उगवतें. एकोणिसाव्या शतकांत पिंपळनेर, नंदुरबार, शहादें, तळोदें या भागांत ओढ्याकांठीं भट्ट्या लावून त्याचें तेल काढीत. संधिवातावर चोळण्यास तें उत्तम मानलें जाई. पण मुंबई बंदरांतून तांबड्या समुद्राच्या वाटेनें तें तेल तुर्कस्थानांत जाई तें सांधे चोळण्यासाठीं नव्हे. तेथें त्यास ‘इद्रिस याघी’ म्हणत. लिंबाच्या रसाच्या पाण्यांत घुसळून, उन्हांत ठेवून, त्याचा उग्रपणा घालवीत आणि मग तें गुलाबाच्या तेलांत मिसळीत. बल्गेरिया तेव्हां, म्हणजे १८७८ पर्यंत, तुर्की साम्राज्यांतच होता. कांहीं चतुर लोक तर भट्टींत घालण्यापूर्वींच फुलांवर हें तेल शिंपडीत, म्हणजे वाफेबरोबर दोन्ही एकजीव होऊन बाहेर येत! अशा रीतीनें खानदेशांतील गवत पॅरिस आणि लंडन येथील शृंगारमेजांवर गुलाब म्हणून मिरवलें.

हें कसें साधलें? रसायनशास्त्रानें त्याचें उत्तर दिलें आहे. गुलाबाच्या तेलांत सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, नेरॉल इत्यादि द्रव्यें असतात. आणि रोशाच्या तेलाचा फार मोठा भाग जिरॅनिऑलचाच असतो. म्हणजे चोर घरांतल्याच माणसासारखा दिसत होता. खरा गुलाब ओळखण्याची जुनी खूण अशी कीं, तें तेल सुमारें २० अंश उष्णमानाखालीं गारठलें कीं त्यांत सुईसारखे स्फटिक धरतात. भेसळ करणारांनीं तीही खूण ओळखली आणि तेल गोठावें म्हणून देवमाशाच्या डोक्यांतील मेण त्यांत घातलें! कागदावर थेंब टाकून पाहण्याची दुसरी परीक्षा आहे. खोबरेल किंवा खनिज तेल असेल तर तेलकट डाग कायम राहतो. पण या परीक्षेनें ढोबळ चोरी सांपडते. रोशाचें तेल स्वतःच उडून जाणारें असल्यामुळें तें या जाळ्यांतून निसटतें. आज प्रयोगशाळेंतील यंत्रें घटक वेगळे करून दाखवितात, परंतु तीं आपल्या घरीं नसतात. म्हणून घरच्या माणसासाठीं एकच कसोटी उरते. परडीभर फुलांचा एक थेंब, हा हिशेब मनांत धरावा; जी मोठी बाटली नाममात्र किंमतीस मिळते तींत गुलाब असणें शक्य नाहीं. तींत कृत्रिम सुगंध असेल. कपड्यास लावण्यास तो चालेलही. पण तो गुलाब समजून अंगास किंवा अन्नास लावूं नये.

आतां घरांतील वापराकडे वळतों. येथें इतिहासानेंच पहिला नियम घालून दिला आहे. ज्या वस्तूचा एक थेंब मजलस भरून टाकतो, ती वस्तु चमच्यानें घेण्याची नव्हे. अंगास लावावयाचें असेल तर शुद्ध तेल कधींही तसेंच लावूं नये. एक लहान चमचा खोबरेल, तिळेल किंवा बदामाचें तेल घेऊन त्यांत एकच थेंब मिसळावा. हें प्रमाण सुमारें शेंकडा एक पडतें. चेहऱ्यासाठीं त्याच्याही निम्में पुरे. नव्यानें वापरणारानें हें मिश्रण प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस लावून एकदोन दिवस वाट पाहावी. लाली, खाज किंवा पुरळ न आल्यास वापरावें. सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल हीं द्रव्यें कांहीं माणसांच्या त्वचेस सोसत नाहींत, आणि हें इतकें सिद्ध झालें आहे कीं, युरोपांत २००५ सालापासून प्रसाधनांच्या वेष्टनावर त्यांचीं नांवें छापणें सक्तीचें आहे. गुलाब निसर्गाचा, मग तो बाधेल कसा, हा युक्तिवाद टिकत नाहीं. खाजकुयलीही निसर्गाचीच आहे.

स्नानाच्या पाण्यांत तेलाचे थेंब तसेच टाकूं नयेत. तेल पाण्यांत विरघळत नाहीं. तें वर तरंगतें आणि अंगास जेथें लागेल तेथें शुद्ध स्वरूपांतच लागतें. आधीं दुसऱ्या तेलांत मिसळून अंगास चोळावें आणि मग स्नान करावें. दिवाळीच्या अभ्यंगाची आपली रीत याच दृष्टीनें शहाणपणाची आहे. अत्तराचा फाया कानांत ठेवण्याची चाल जुनी आहे. तो कानाच्या पाळीच्या वळणांत ठेवावा, भोकांत कोंबूं नये. शालूवर किंवा रेशमी वस्त्रावर थेट अत्तर लावल्यास डाग पडतो. कापसाला लावून तो कापूस पेटींत कडेस ठेवावा. मोत्यांवरही अत्तर पडूं देऊं नये, त्यानें त्यांचें पाणी उतरतें. बादशहानें अत्तराबद्दल मोतीं बक्षीस दिलीं खरीं, पण दोघांची मैत्री नाहीं!

लहान मुलांच्या बाबतींत मी अधिक आग्रहानें सांगतों. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं बारशाच्या दिवशीं कौतुकानें एका आत्याबाईंनीं बाळाच्या छातीस कुपींतलें अत्तर तसेंच चोळलें. सायंकाळपर्यंत बाळाची कांति लालभडक झाली, आणि पेढे वाटावयाचे तेथें डॉक्टरांस बोलवावें लागलें. बाळ दोन दिवसांत बरें झालें. पण आत्याबाईंच्या जिवास जो घोर लागला तो कोणाही घरांत लागूं नये. तान्ह्या मुलांच्या अंगास व नाकाजवळ कोणतेंही अत्तर लावूं नये. कुपी मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं, कुलुपांत ठेवावी. कारण असें तेल पोटांत गेलें तर विषबाधेचें भय असतें, आणि गिळतांना तें श्वासनलिकेंत गेलें तर फुप्फुसांस इजा होते. तसें घडल्यास ओकारी करविण्याचा प्रयत्न न करतां तात्काळ दवाखाना गांठावा, आणि कुपी बरोबर न्यावी. दमेकरी, अर्धशिशीचे रोगी आणि गरोदर स्त्रिया यांनीं डॉक्टरांस विचारूनच तें वापरावें.

गुलाबपाण्याविषयीं दोन शब्द. डोळे आले कीं त्यांत गुलाबपाणी घालण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. बाजारांतील गुलाबपाणी निर्जंतुक नसतें, आणि उघडलेल्या बाटलींत जंतु सहज वाढतात. दुखऱ्या डोळ्यांत तें घालणें म्हणजे एका दुखण्यावर दुसरें चढविणें. डोळ्यांस वैद्यानें दिलेलें औषधच घालावें. श्रीखंडांत किंवा गुलाबजामाच्या पाकांत घालावयाचें गुलाबपाणी खाण्यासाठीं म्हणून विकलेलें असावें. सौंदर्यप्रसाधनाची बाटली स्वयंपाकघरांत आणूं नये. आणि सुगंधी तेल, मग तें कितीही शुद्ध असो, पोटांत घेऊं नये. गुलाब खावयाचाच असेल तर आपला गुलकंद काय वाईट आहे?

सांठवणीचा नियम सोपा आहे. गडद रंगाची कांचेची कुपी, घट्ट बूच, थंड आणि अंधारी जागा. हवा व ऊन लागून तेल जुनें झालें कीं त्याचा वास उतरतो आणि तें त्वचेस अधिक बाधूं लागतें. कुपी दिव्याजवळ ठेवूं नये. हें तेल पेट घेतें.

शेवटीं, या तेलापासून अपेक्षा किती ठेवावी? सुवासानें मन प्रसन्न होतें, शिणलेला माणूस जरा निवांत होतो, हा सर्वांचा अनुभव आहे. परंतु निद्रानाश, रक्तदाब, मनोविकार यांवर हें रामबाण औषध आहे असें जाहिरातींतून सांगितलें जातें, तितका पुरावा अद्याप नाहीं. चालू असलेलें औषध अत्तराच्या भरंवशावर कोणी सोडूं नये.

श्रोतेहो, अस्मत बेगमेनें ताटावरची साय टिपली तेव्हांपासून चारशें वर्षें लोटलीं. या काळांत खऱ्या वस्तूमागोमाग खोटी वस्तु चालत आली आहे. रोशाचें गवत अपराधी नव्हतें. तें आपल्या नांवानें विकलें गेलें असतें तर सांध्यांस आराम देणारें प्रामाणिक तेल म्हणून मान पावलें असतें. अपराध कुपीवरील चिठ्ठीचा होता. घरांत येणाऱ्या प्रत्येक कुपीची चिठ्ठी वाचणें, तिच्यांतील वस्तु थोडी आणि जपून वापरणें, आणि जी जागा तिची नाहीं तेथें ती न नेणें, एवढें सांभाळलें तर अत्तरगुलाबाची ही जुनी रीत आपल्या घरांत निर्धोक आणि आनंददायक राहील.